'नाबार्डचं कर्ज' म्हणजे नेमकं कुणाचं? पुनर्वित्त, इकरार, अनिष्ट तफावत

माळरान:
आमच्याकडे कुणी गोठ्यासाठी बँकेत फाईल दिली की 'नाबार्डचं प्रकरण केलंय' असंच म्हणतात. बातम्यांत मात्र नाबार्ड (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) 'पुनर्वित्त' देते असं येतं. म्हणजे जुनं कर्ज मोडून नवं देणं का? आणि आमच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात गावच्या सहकारी सोसायटीचा 'इकरार' लिहिलाय, तो काय प्रकार?

बांधावरून:
जुनं कर्ज मोडण्याशी पुनर्वित्ताचा संबंध नाही. दुष्काळात पीक कर्जाचे हप्ते पाडून मुदत वाढवतात, त्याला 'पुनर्गठन' म्हणतात. या दोन शब्दांची गल्लत फार होते. बँकेने शेतीला जे कर्ज दिलं त्याच्या आधारावर बँकेलाच पैसा पुरवायचा, हे पुनर्वित्त. नाबार्ड शेतकऱ्याच्या दारात येत नाही. ती शिखर बँकेला, म्हणजे राज्य सहकारी बँकेला देते. तिथून जिल्हा मध्यवर्ती, तिथून गावची विकास सोसायटी आणि मग सभासद. राष्ट्रीयीकृत आणि ग्रामीण बँकांनाही ती पुनर्वित्त देते, पण तिथे मधली सोसायटी नसते.

हे काम आधी रिझर्व्ह बँकेचा कृषी पत विभाग आणि कृषी पुनर्वित्त व विकास महामंडळ करत असे. बी. शिवरामन समितीच्या शिफारशीवरून दोन्ही एकत्र करून १२ जुलै १९८२ ला नाबार्ड उभी राहिली. जिल्हा बँकांची तपासणीही तीच करते. परवाना मात्र रिझर्व्ह बँकेचा.

म्हणून 'नाबार्डचं कर्ज' हा शब्दप्रयोग मला खटकतो. त्यातून नुकसान होतं. 'नाबार्डचं शेळीपालन कर्ज थेट मंजूर करून देतो' म्हणत एजंट गावात फिरतात, फाईलचे पैसे घेतात आणि गायब होतात. नाबार्ड व्यक्तीला असं कर्ज मंजूरच करत नाही हे ठाऊक असलं, तर माणूस पहिल्याच वाक्याला सावध होईल. कर्ज बँकेचं म्हणा, सोसायटीचं म्हणा. नाकारलं तर कारण विचारायची जागाही तीच.

चावडी:
मी सोसायटीच्या दप्तरात बरीच वर्षं काम केलं, म्हणून इकराराबद्दल सांगतो. शब्द अरबी, अर्थ कबुली. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे सभासद लिहून देतो की या कर्जासाठी माझ्या अमुक गटाच्या जमिनीवर संस्थेचा बोजा, म्हणजे येण्याचा हक्क, राहील. तो कागद तलाठ्याकडे जातो आणि फेरफार होऊन उताऱ्यावर नोंद चढते. इकरार म्हणजे गहाणखत नव्हे, जमीन तुमच्याच नावावर राहते. पण कर्ज फिटलं म्हणून नोंद आपोआप उतरत नाही. संस्थेचा बेबाकी दाखला (काही देणं बाकी नसल्याचा) घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. कर्ज कधीच फिटलंय आणि बोजा तसाच, असे उतारे ढिगाने सापडतील.

दप्तरातला आणखी एक शब्द इथे हवाच: 'अनिष्ट तफावत'. समजा, संस्था जिल्हा बँकेचं ५० लाख देणं लागते आणि सभासदांकडून येणं आहे ४४ लाख. मधले ६ लाख ही अनिष्ट तफावत. उद्या एकूण एक सभासदाने पै न् पै भरली तरी संस्था बँकेचं देणं फेडू शकत नाही. वसूल बँकेत न भरणं, अपहार, बँकेने वसूल आधी व्याजात जमा करणं, अशी कारणं असतात. अशा संस्थेला वरून नवं कर्ज मिळणं अवघड होतं आणि ज्याने दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरणा केला तोही अडकतो. पुनर्वित्त कितीही येवो, शेवटची कडी सोसायटीची आहे. ती तुटलेल्या गावात माणसं सावकाराकडेच जातात. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

माळरान:
आमच्याकडे मार्चअखेर 'नवं-जुनं' करतात, ते पुनर्गठन का?

चावडी:
नाही. नवं-जुनं म्हणजे जुनं पीक कर्ज भरलेलं दाखवून लगेच नव्या हंगामाचं उचलणं. भरायला दोन दिवस हातउसने घेतात, नवं मिळालं की परत करतात. मुदतीत भरणा झाल्यामुळे व्याज सवलत टिकते. ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांचं व्याज केंद्राच्या सवलतीने ४ वर येतं, त्यावर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतूनही सूट मिळते. पण मुद्दल तसंच राहतं आणि हातउसन्यावर कुणी व्याज लावलं तर सवलत त्यातच जाते.

बांधावरून:
गोठ्याच्या प्रकरणाला नाबार्डचं नाव का चिकटलं, तेही सांगून टाकतो. २०१० पासून केंद्राची दुग्ध उद्योजकता विकास योजना होती. कर्ज बँकेचं, अनुदान केंद्राचं, ते यायचं नाबार्डमार्फत. सर्वसाधारण गटाला २५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ३३.३३. लोकांनी नाव लक्षात ठेवलं ते अनुदान आणणाऱ्याचं. ती योजना आता बंद आहे. त्या नावाने कुणी फॉर्म विकत असेल तर घेऊ नका.