अमेरिकेत धर्माचे वैर मिटले आणि वंशाचे उरले, असे म्हणता येईल का?

सह्यकडा (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेच्या इतिहासातील असहिष्णुतेबद्दल आपल्याकडे बोलताना धर्मभेद आणि वर्णभेद हे शब्द एका दमात उच्चारले जातात, जणू ते एकाच दुखण्याचे दोन प्रकार आहेत. माझे मत वेगळे आहे आणि ते मांडून विरोधी मते ऐकण्याची इच्छा आहे. अमेरिकेतील धार्मिक संघर्ष कितीही रक्तरंजित असला, तरी त्या देशाने त्यावर उपाय शोधला. वंशभेद मात्र त्या देशाने स्वतःच्या कायद्याने घडवला आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासला.

धार्मिक छळाची उदाहरणे मी लहान लेखत नाही. इंग्लंडमधील जाचाला कंटाळून आलेल्या प्युरिटन लोकांनी मॅसॅच्युसेट्समध्ये आपली सत्ता येताच क्वेकर पंथीयांना हद्दपार केले, आणि तरीही परत आलेल्या चौघांना १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये फाशी दिले. त्यांत मेरी डायर ही स्त्रीही होती. १८३८ मध्ये मिझुरीच्या गव्हर्नरने मॉर्मन पंथीयांना एकतर संपवावे किंवा राज्याबाहेर हाकलावे, असा लेखी हुकूम काढला, आणि तो कागदोपत्री रद्द व्हायला १९७६ साल उजाडले. तरीही आज तेथे कोणी क्वेकर किंवा मॉर्मन आहे म्हणून जिवाच्या भीतीने जगत नाही.

हा फरक १७९० या एकाच वर्षात स्वच्छ दिसतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टच्या ज्यू मंडळींना पत्राने कळवले की, हे सरकार धर्मांधतेला थारा देणार नाही आणि छळाला साहाय्य करणार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेने केलेल्या पहिल्या नागरिकत्व कायद्यात मात्र अर्जदार ‘स्वतंत्र आणि गोरा’ असला पाहिजे, अशी अट होती. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात सामावून घेतले गेले, पण वंशाची अट पूर्णपणे जायला १९५२ पर्यंत थांबावे लागले. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने केंद्राच्या पदांसाठी धर्माची अट घालायला आरंभापासूनच मनाई केली होती. वंशाबाबत तशी मनाई कोणी लिहिली नाही.

धर्म बदलता येतो, प्रसंगी झाकता येतो, आणि दोन पिढ्यांत सोयरीक झाली की त्याची धारही बोथट होते. कातडीचे तसे नाही. १९६० मध्ये जॉन केनेडी कॅथलिक असूनही अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी दुकानातील उपाहारगृहाच्या बाकावर बसून कॉफी मागितली आणि ती त्यांना नाकारली गेली.

पानगळ

आपल्या मांडणीतील १७९० चा दाखला नेमका आहे, पण तो सव्वाशे वर्षे उशिरा सुरू होतो. वंशाची रेघ आधी कोठे ओढली गेली हे पाहायचे, तर सतराव्या शतकातील व्हर्जिनियात जावे लागते.

तेथे एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने आपण गुलाम नाही असा दावा लावला आणि १६५६ मध्ये तिची सुटका झाली. तिची आई आफ्रिकी व वडील इंग्रज होते, आणि तिचा बाप्तिस्मा झालेला होता. वडील स्वतंत्र नागरिक आणि आपण स्वतः ख्रिस्ती, हे तिच्या दाव्याचे दोन महत्त्वाचे आधार होते. पुढे काय झाले ते पाहावे. १६६२ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळाने ठरवले की, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. वडिलांचा आधार गेला. १६६७ मध्ये ठरवले की, बाप्तिस्मा झाल्याने गुलामाची स्थिती बदलत नाही. धर्माचाही आधार गेला. तोवर ख्रिस्ती आणि अख्रिस्ती अशी जी रेघ होती, तिच्यावरूनच गोरा आणि काळा ही रेघ गिरवली गेली. वंश ही कल्पना धर्माने रिकाम्या केलेल्या जागी येऊन बसली आणि त्या जागेचे सगळे मानपान तिला मिळाले.

मूलनिवासींच्या जमिनीची कथा याहून उघड आहे. १८२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूलनिवासी जमातींना आपली जमीन स्वतंत्रपणे कोणालाही विकण्याचा अधिकार नाही, असा निर्णय देताना ख्रिस्ती राष्ट्रांनी ‘शोध’ लावलेल्या भूमीवर त्यांचाच वरचा हक्क असतो, या युरोपीय तत्त्वाचा आधार घेतला. १८८३ मध्ये त्यांचे धार्मिक नाच आणि विधी गुन्हा ठरवणारे नियम आले. १८९० च्या डिसेंबरमध्ये वूंडेड नी येथे लष्कराने लाकोटा स्त्री-पुरुष-मुलांची जी कत्तल केली, तिच्यामागची भीती ‘घोस्ट डान्स’ या धार्मिक चळवळीची होती. त्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा संसदेने १९७८ मध्ये केला. तेव्हा धार्मिक संघर्ष मिटला असे म्हणताना आपण फक्त गोऱ्यांचे आपसांतील धार्मिक संघर्ष मोजले आहेत, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते.

दक्षिणेतील बॅप्टिस्ट चर्चने १८४५ मध्ये वेगळी चूल मांडली, कारण गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रचारक म्हणून नेमण्यास उत्तरेतील मंडळी तयार नव्हती. त्याबद्दलची जाहीर क्षमायाचना १९९५ मध्ये आली. व्हर्जिनियातील एका न्यायाधीशाने तर १९६५ मध्ये निकालपत्रात लिहिले की, सर्वशक्तिमान परमेश्वराने वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी त्यांची सरमिसळ व्हावी अशी त्याची इच्छा नव्हती. गोरा पुरुष आणि कृष्णवर्णीय स्त्री यांचा विवाह गुन्हा ठरवण्यासाठी त्याला हा आधार पुरेसा वाटला. सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९६७ मध्ये रद्द केला.

सह्यकडा

पानगळ, १६६२ आणि १६६७ चे कायदे आपण ज्या क्रमाने मांडले, त्यामुळे मला माझीच बाजू अधिक स्पष्ट दिसू लागली. धर्माने सुटकेचे एक दार उघडे ठेवले होते आणि मळेवाल्यांनी ते बंद केले, असाच त्याचा अर्थ होतो. तंबाखूच्या शेतीला कायमचे, वंशपरंपरागत, फुकटचे मजूर हवे होते, आणि बाप्तिस्मा त्याच्या आड येत होता. धर्म हे कारण असते, तर बाप्तिस्म्यानंतर बेडी सुटायला हवी होती.

शिवाय त्याच बायबलातून १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउनच्या क्वेकर मंडळींनी गुलामगिरीचा पहिला लेखी निषेध काढला, आणि त्याच बायबलातील इजिप्तमधून सुटणाऱ्या लोकांची कथा गुलामांनी आपली मानून गायली. जो ग्रंथ मालक आणि गुलाम दोघांनाही बळ देतो, त्याच्यावर सगळे खापर फोडता येत नाही.

उत्तररात्र

मी गेली बावीस वर्षे फिलाडेल्फियाच्या जवळ राहतो. या शहराच्या सहा वर्षांचा इतिहास वाचल्यावर मला धर्म आणि वंश यांना वेगळे करण्याचा प्रयत्नच अपुरा वाटू लागला.

१८३८ च्या मे महिन्यात गुलामगिरीविरोधी मंडळींनी येथे पेनसिल्व्हेनिया हॉल नावाचे मोठे सभागृह बांधून उघडले. गोरे आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष तेथे एकत्र बसतात, एवढे कारण जमावाला पुरले, आणि उद्घाटनाला आठवडाही उलटला नसताना ती वास्तू जाळली गेली. १८४२ च्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या व्यसनमुक्ती मिरवणुकीवर हल्ला झाला, त्यांची घरे व सभागृह पेटवले गेले, आणि त्या जमावात आयरिश कॅथलिकांचा मोठा भरणा होता. दोनच वर्षांनी तेच आयरिश कॅथलिक दुसऱ्या बाजूला उभे दिसतात. सरकारी शाळांतून प्रॉटेस्टंटांचे किंग जेम्स बायबल वाचले जात असे. बिशप केन्रिक यांनी, कॅथलिक मुलांना त्यांच्या पंथाचे बायबल वाचू द्यावे, अशी विनंती केली. त्यावरून बिशप शाळांतून बायबलच हद्दपार करायला निघाले आहेत अशी आवई उठवली गेली. १८४४ च्या मेमध्ये केन्सिंग्टन भागात दंगल पेटली आणि सेंट मायकेल व सेंट ऑगस्टीन ही दोन चर्च जाळून टाकण्यात आली. जुलैमध्ये साउथवर्क भागात पुन्हा गोळीबार झाला.

या आयरिश लोकांना त्या काळी पूर्ण गोरे मानायलाही अनेकजण तयार नव्हते. व्यंगचित्रांत त्यांचे चेहरे माकडांसारखे काढले जात. त्यांचा धर्म परका, म्हणून त्यांचे रक्तही हलके, असा तो हिशेब होता. पुढे ते गोऱ्यांच्या पंगतीला बसले, आणि ती जागा मिळवताना कृष्णवर्णीयांना त्या पंगतीतून दूर ठेवण्यात त्यांच्यातील अनेकांनी हातभार लावला. १८६३ च्या न्यूयॉर्कमधील सैन्यभरतीविरोधी दंगलीत कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम जाळला गेला, तेव्हाही जमावात आयरिश कामगार मोठ्या संख्येने होते. म्हणून सह्यकडा, कॅथलिकांबद्दलचे वैर ‘मिटले’ असे आपण म्हणता, तेव्हा ते कोणाच्या किमतीवर मिटले हेही नोंदवायला हवे.

आणखी एक गोष्ट याच शहराची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीय भाविकांना मध्येच ओढून उठवण्यात आले. त्यांच्यापैकी रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये बेथेल चर्च उभे केले. धर्म एक, पंथ एक, प्रार्थना एक, आणि तरीही उठवले गेले. येथे मी सह्यकडा यांच्याशी सहमत आहे.

अवांतर: याच फिलाडेल्फियात क्वेकर मंडळींच्या पुढाकाराने १८५० मध्ये स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी तेथून डॉक्टर झाल्या. जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांना जाहीरपणे सांगावे लागले होते. बॉस्टनमध्ये ज्यांना फासावर चढवले, त्यांच्याच पंथाच्या लोकांमुळे आपल्या मुलीला शिकता आले, हे मी कधी विसरू शकत नाही.

मातीचे घर

चर्चा गोरे, काळे आणि मूलनिवासी यांच्यापुरती राहिली, म्हणून आपल्या लोकांचा विषय मांडतो, कारण त्यात आपल्यालाही खाली मान घालावी लागते.

भगतसिंग थिंड हे पंजाबी शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, असे सांगून नागरिकत्व नाकारले. तोच धागा पकडून थिंड यांच्या बाजूने, उत्तर भारतीय हे कॉकेशियन आहेत, असा युक्तिवाद झाला. १९२३ च्या फेब्रुवारीत, ओझावांचा निकाल लिहिणाऱ्या त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला की, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे थिंड गोरे नाहीत. तीन महिन्यांत व्याख्या बदलली. निकालपत्रात शीख थिंड यांना ‘हिंदू’ म्हटले आहे, कारण तेव्हा अमेरिकेत तो शब्द वंशाचे नाव म्हणून चालत असे. १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे लाकूड गिरण्यांतील ज्या भारतीय मजुरांना जमावाने मारहाण करून गावाबाहेर काढले, तेही बहुतेक शीख होते आणि वृत्तपत्रांत ‘हिंदू’ म्हणूनच छापले गेले. धर्माचे नाव, अर्थ वंशाचा: आपण दोघे जे वेगळे करू पाहता, ते तेथील सामान्य माणसाने केव्हाच एक करून टाकले होते.

मान खाली घालावी लागते ती याच खटल्यातील दुसऱ्या मुद्द्यामुळे. उच्चवर्णीय हिंदू हा भारतातील आदिवासींशी विवाहसंबंध टाळतो, जसा गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयांशी टाळतो, आणि म्हणून त्याचे रक्त शुद्ध आहे, असे थिंड यांच्या बाजूने न्यायालयात सांगितले गेले. वंशभेदाच्या दारातून आत जाण्यासाठी जातिभेदाची किल्ली वापरली गेली. याच्या पन्नास वर्षे आधी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केले, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. अमेरिकेकडे पाहून एका भारतीयाने काय घेतले आणि दुसऱ्याच्या वतीने काय मागितले गेले, याचा विचार आपण मराठी लोकांनी तरी करावा. मला या युक्तिवादाची आजही लाज वाटते.

पानगळ

मातीचे घर, आपल्या प्रतिसादाबद्दल मनापासून आभार. ‘हिंदू’ या शब्दाचे जे झाले, तेच २००१ नंतर पगडीचे झाले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातील मेसा येथे एका शीख पेट्रोल पंपमालकाची गोळ्या घालून हत्या झाली. मारणाऱ्याने त्यांना मुसलमान समजले, असे तेव्हा सर्वत्र म्हटले गेले आणि आपल्याकडेही म्हटले गेले. ‘चुकून’ हा शब्द त्यात फार सहज येतो. समोर खरोखर मुसलमान असता तर ती चूक ठरली नसती, असा त्याचा ध्वनी निघतो. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात सहा भाविक मारले गेले, आणि तो हल्लेखोर गोऱ्या वंशश्रेष्ठत्वाच्या टोळीतला होता. त्याने तेथे धर्म पाहिला की कातडी, हे सह्यकडा यांनी मला सांगावे.

सह्यकडा

हे मला सांगता येणार नाही, आणि म्हणून माझ्या शीर्षकातील ‘मिटले’ हा शब्द मी मागे घेतो. उत्तररात्र यांनी फिलाडेल्फियाबद्दल जे लिहिले, त्यानंतर तो शब्द ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी ज्याला उपाय म्हणत होतो, तो बऱ्याच अंशी पंगत थोडी लांबवण्याचा प्रकार होता.

एलिझाबेथ कीबद्दल मात्र माझे मत कायम आहे. १६५६ मध्ये ती सुटली, तेव्हा तिच्या हातात एक आधार बाप्तिस्म्याचा होता. अकरा वर्षांनंतर तोच दावा घेऊन एखादी स्त्री न्यायालयात आली असती, तर तिचा धर्म तोच राहिला असता आणि न्यायालयाने तो ऐकूनही घेतला नसता.