गुडघेदुखी आणि फिजिओथेरपी: नाशिककरांनो, तुमचा अनुभव लिहा

पंचवटीतल्या वाड्यांचे जिने, पांडवलेणीच्या पायऱ्या, श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी. नाशिकमध्ये गुडघ्याला कामाची कमी नाही. तो दुखायला लागला की सल्ले मात्र दोनच मिळतात: "आता फार चालू नका" किंवा "बदलूनच टाका". मधे फिजिओथेरपीची वाट आहे आणि ती चालून आलेल्यांनी लिहावं अशी मनापासून विनंती. कोणता व्यायाम, किती धीर धरावा लागला, सगळं लिहा. औषधांची नावं नकोत, ती डॉक्टरांनी माणूस तपासूनच द्यायची.

सुरुवात मी करते.

कॉलेज रोड, निवृत्त शिक्षिका

एक्स-रेमध्ये झीज दिसली तेव्हा धसकाच घेतला होता. पण झीज भरपूर आणि दुखणं थोडं, किंवा याच्या उलटही असू शकतं, हे फिजिओ ताईंनी पहिल्याच दिवशी समजावलं. यंत्राला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, जमिनीवरून कशा उठता? घरात संडास कसला आहे? जिना दिवसातून किती वेळा?

पहिला व्यायाम अगदी साधा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच ते दहा आकडे मोजायचे, सोडायचं. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा घट्ट झाला पाहिजे. मग पाय सरळ ठेवून उचलणं, नंतर खुर्चीवरून हात न टेकता उठणं. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं चढलेलंच राहिलं तर व्यायामाची मात्रा कमी करायची. जिन्याचा नियम तर मी आता सगळ्यांना सांगते: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हात कठड्यावर.

वजनाचंही बोलायला हवं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. हे ऐकल्यावर गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरच्या फेऱ्या कंटाळवाण्या वाटेनाशा झाल्या.

सातपूर, कंपनीत मशीनवर

शिफ्टभर उभं राहायचं काम. आधी फिजिओथेरपीला गेलो तिथे रोज शेक आणि मशीनने हलका विजेचा करंट, बस्स. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, शिफ्ट संपेपर्यंत पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणच्या सरांनी मला एका पायावर उभं केलं तर कंबर एका बाजूला कलली. म्हणाले, खुब्याचे स्नायू कच्चे आहेत, म्हणून गुडघा आत वळतो. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम दिला. दुखतं गुडघ्यात आणि व्यायाम खुब्याचा, हे आधी पटेना. पण फरक त्यानेच पडला. शेक मी आजही घेतो, पण व्यायामाला बसण्याआधी.

निफाड तालुका, सून

अनुभव सासूबाईंचा, लिहितेय मी. कांदा लागवड, खुरपणी, सगळं उकिडवं बसून. व्यायामाचं नाव काढलं की म्हणायच्या, "दिवसभर राबते, तो काय व्यायाम नाही का?" मला वाटतं हा प्रश्न खेड्यातल्या प्रत्येक घरात असणार. फिजिओंनी त्यांना पटेल असं सांगितलं: उकिडवं बसलं की सांध्यावर दाब फार येतो, पण गुडघा सरळ धरणारा स्नायू त्याने हवा तसा बळकट होत नाही. तो वेगळा कमवावा लागतो. आता खुरपायला बुटकं स्टूल नेतात, संडासात कमोडची खुर्ची ठेवलीय, आणि पाय उचलायचा व्यायाम सकाळी चहाआधी खाटेवरच होतो. आजारी माणसासारखं वेगळं काही करणं नको वाटायचं त्यांना, म्हणून हे सगळं घरच्या कामात बसवलं.

सिन्नर, कबड्डीपटू

माझं दुखणं झिजेचं नाही. पकड सोडवताना गुडघा पिळला, एसीएल (गुडघ्याच्या आतला, सांधा धरून ठेवणारा लिगामेंट म्हणजे दोरीसारखा बंध) तुटला, ऑपरेशन झालं. धावायला लागलो की वाटतं झालो बरा. पण फिजिओंनी स्पष्ट सांगितलं, नऊ महिन्यांच्या आत मैदान नाही, आणि महिने भरले तरी दोन्ही पायांची ताकद आणि एका पायावरची उडी जवळपास सारखी आल्याशिवाय नाही. घाईने उतरलं तर तोच लिगामेंट पुन्हा तुटायचा धोका मोठा असतो. पोरांनो, संघातली जागा गेली तरी चालेल, चाचणी पास होईपर्यंत थांबा.

(मधेच एक कळकळीचं: गुडघा अडकून बसत असेल, लाल-गरम होऊन ताप येत असेल किंवा पायावर भारच देता येत नसेल, तर इथले व्यायाम करत बसू नका. आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.)

जेल रोड, दोन्ही गुडघे बदललेले

ऑपरेशन झालं म्हणजे फिजिओ सुटली असं समजू नका, खरी तिथूनच सुरू होते. मला दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं. पहिले काही आठवडे गुडघा पूर्ण सरळ करणं आणि नव्वद अंशाच्या पुढे वाकवणं, यातच जीव काढला. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, पण ती घेऊ नका. पाय वाकडा राहायची सवय लागते आणि मग सरळ करायला दुप्पट कष्ट पडतात.