शार्क्सच्या पोरांची यादी लावायचीये, पहिला कोण? मदत हवी आहे (गणपतीच्या आत)

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण इथे बे एरियातले आणि कॅनडातले बरेच जण हॉकी बघतात म्हणून विचारतोय. हॉकी म्हणजे बर्फावरची, आपली ध्यानचंदांची नव्हे.

झालंय असं की आमच्या सनीव्हेलच्या कॉम्प्लेक्समध्ये चार मराठी घरं, चारही घरांत एकेक शार्क्सवेडं कार्टं (शार्क्स म्हणजे सॅन होजेची टीम, एनएचएल या बर्फहॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगमधली), आणि टीम गेली दोन वर्षं अख्ख्या लीगमध्ये शेवटून पहिली (२०२३-२४ ला ४७ पॉइंट, २०२४-२५ ला ५२) त्यामुळे या पोरांना आत्ताच्या टीमबद्दल बोलण्यासारखं फार काही नाही, सगळी भांडणं पुढे येणाऱ्या पोरांवरून. शेवटी असं ठरलं की प्रत्येक घराने आठ जणांची यादी द्यायची, बापलेकाने मिळून एकच, २७ ऑगस्टला गणपती बसले की चारही याद्या फ्रिजवर लागणार, आणि एप्रिलमध्ये सीझन संपला की बघायचं. ज्याची यादी सगळ्यात जास्त चुकली त्या बापाने पुढच्या गणपतीला ५१ उकडीचे मोदक करायचे, स्वतः, साचा न वापरता. मला साधी पारी वळता येत नाही, म्हणून हा धागा.

मी मुळात क्रिकेटवाला, हॉकी लेकामुळे शिकलो. त्याचं म्हणणं मायकल मीसा पहिला, विषय संपला. यंदाच्या (२०२५) ड्राफ्टमधला दुसरा पिक (ड्राफ्ट म्हणजे टीम आळीपाळीने नवी पोरं निवडतात तो, पिक म्हणजे त्यातला नंबर), सॅगिनॉ या ज्युनियर टीमकडून ६५ मॅचमध्ये १३४ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), त्यातले ६२ गोल. माझं म्हणणं यारोस्लाव्ह अस्कारोव्ह. त्याला एक कारण आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही बाराकुडाच्या मॅचला गेलो होतो (शार्क्सची खालची टीम, रिंक जेमतेम चार हजार सीटचं, तिकीट परवडतं), सीट बरोब्बर गोलच्या मागे. माझी आई शाल दोनदा गुंडाळून बसलेली, आणि एक पक आमच्या समोरच्या काचेवर असा आपटला की तिच्या हातातलं पॉपकॉर्न पुढच्या रांगेत. सगळे दचकले, हा गोली (गोलकीपर) जागचा हलला नाही, कारण तो पक बाहेर जाणार हे त्याला आधीच दिसलं होतं. तेव्हापासून आई त्याला 'तो शांत मुलगा' म्हणते आणि मी त्याच्या पार्टीत.

तर मदत हवीय ती अशी. सेलेब्रिनी आणि विल स्मिथ ही शार्क्समध्ये आधीच खेळणारी पोरं यादीत धरायची की नाही? गोली आणि फॉरवर्ड एका तराजूत तोलायचे कसे? आणि ज्युनियरमधले पॉइंट किती खरे मानायचे? लेक म्हणतो सगळे खरे, मला ते दहावीच्या टक्क्यांसारखे वाटतात.

रिंककाकू

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. लीगचा रुकीचा (म्हणजे नवख्याचा) नियमच वापरा ना. आधीच्या कुठल्याही एका सीझनमध्ये २५ पेक्षा जास्त मॅच खेळला, किंवा दोन सीझनमध्ये प्रत्येकी सहा किंवा जास्त, किंवा वय २६ झालं, तर तो रुकी नाही. सेलेब्रिनी गेल्या वर्षी ७० खेळला (२५ गोल, ६३ पॉइंट, तेही पहिल्याच मॅचनंतर बारा मॅच दुखापतीत घालवून), स्मिथ ७४. दोघं बाद. अस्कारोव्ह २३ वर्षांचा आहे पण गेल्या सीझनला शार्क्सकडून १३ च खेळला, म्हणून चालेल.

आणि खरं सांगू का, सेलेब्रिनीला यादीत ठेवलंत तर यादीला अर्थ काय राहतो, सगळ्यांचा पहिला तोच.

धागाकर्ता

काकू धन्यवाद. लेक जरा हिरमुसला, सेलेब्रिनी लहानपणी इथल्याच ज्युनियर शार्क्समध्ये खेळलाय (वडील वॉरियर्स या बास्केटबॉल टीममध्ये कामाला म्हणून ते कुटुंब इकडे आलं) त्यामुळे या सगळ्या पोरांना तो घरचा वाटतो. पण नियम मान्य.

टोरांटोचा_बाळ्या

ज्युनियरच्या पॉइंटबद्दल मी बोलतो कारण इथे ओंटारियोत राहून तेच बघतो, लीफ्सकडे (आमची टोरांटोची टीम) बघून फक्त त्रास होतो.

दादा, ओएचएल (ओंटारियोची ज्युनियर लीग, सॅगिनॉ त्यातलीच) म्हणजे १६ ते २० वयाची पोरं. अंडर-१९ मध्ये डबल सेंच्युरी आणि रणजीत चाळीसची सरासरी यात तुम्ही कोणाला आधी घ्याल? अवलंबून आहे ना, ती डबल सेंच्युरी कोणी कशी मारली त्यावर. मीसाला पंधराव्या वर्षी ओएचएलमध्ये खेळायची खास परवानगी मिळाली होती, ती कोणालाही मिळत नाही, त्यामुळे त्याचे १३४ म्हणजे एका वर्षाचं भरतं आलं आणि ओसरलं असं नाही. पण एक गंमत लक्षात घ्या, शार्क्सचाच दुसरा पोरगा इगोर चेर्निशोव्ह, २०२४ चा ३३ वा पिक, खांद्याचं ऑपरेशन झाल्यावर सीझनच्या मधेच सॅगिनॉला आला आणि २३ मॅचमध्ये ५५ पॉइंट काढून बसला. आता याने त्याला वर नेलं की त्याने याला? माझ्या मते मीसाने चेर्निशोव्हला, कारण तो यायच्या आधीही मीसा धावतच होता. म्हणून चेर्निशोव्हला मी चौथ्याच्या वर नेणार नाही. लोक नेतात.

आणि सॅम डिकिन्सनला विसरू नका. डिफेन्समध्ये खेळून ५५ मॅचमध्ये ९१ पॉइंट, २९ गोल, वर लंडन नाईट्सबरोबर (हे ओंटारियोतलं लंडन) मेमोरियल कप, म्हणजे ज्युनियरमधला सगळ्यात मोठा कप. डिफेन्सवाल्याने असे गोल मारणं म्हणजे विकेटकीपरने हॅट्ट्रिक घेण्यासारखं आहे.

गोलीचा_बाप

वरची सगळी चर्चा फॉरवर्डवाल्यांची आहे. माझा मुलगा गोली आहे म्हणून दोन शब्द.

गोली हे झाड वेगळं आहे. फॉरवर्ड १८-१९ ला वर येऊन खेळू शकतो कारण त्याच्या बरोबर आणखी अकरा फॉरवर्ड असतात, वाईट दिवस असला तर कोच त्याला चौथ्या लाईनवर लपवतो. गोलीला लपायला जागा नाही आणि नेट एकच आहे. २३-२४ पर्यंत तो खालीच तयार होत असतो, कोकणात कलम लावलं की पहिली काही वर्षं फळाची वाट बघत नाहीत तसं. अस्कारोव्हने बाराकुडाकडून शंभरात ९२ च्या वर शॉट अडवले, वर शार्क्सकडून तेरा मॅचमध्ये ९० च्या जरा खाली. लोक म्हणतात बघा, वर गेला आणि पडला. अहो, समोर डिफेन्स कसला होता ते बघितलं का, दर मॅचला दोघं तिघं मोकळे समोर येऊन उभे.

तुम्ही विचारलंत तराजू कसा. माझा साधा हिशोब, हा पोरगा आपल्या जागी पहिल्या दहा संघांपैकी एखाद्यात खेळेल का? मीसा, दुसरा सेंटर म्हणून, खेळेल. डिकिन्सन खेळेल. अस्कारोव्ह जमला तर टीमचं नशीब बदलेल, नाही जमला तर काहीच नाही, मधलं काही नसतं. मी तरी त्याला पहिला लावेन, पण मी गोलीचा बाप आहे, माझं ऐकू नका.

रिंककाकू

गोलीचे बाप नेहमी शेवटी 'माझं ऐकू नका' म्हणतात आणि मग अर्धा तास बोलतात :)

हर्टल_आठवतो

तुमच्या याद्या चालू द्या पण ही पोरं कुठून आली ते कोणी सांगत नाहीये. मी १९९१ पासूनची टीम नाही पाहिली, मी २००८ ला आलो, पण शार्क्सकडून खेळणारा हर्टल पाहिलाय. २०१३ ला रेंजर्सविरुद्ध एका मॅचमध्ये चार गोल, चौथा पायांमधून काठी घालून, मी तेव्हा वरच्या रांगेत उभा होतो, घसा बसला होता. मार्च २०२४ ला त्याला व्हेगसला दिला. त्याच्या बदल्यात एडस्ट्रॉम नावाचा पोरगा आणि पहिल्या फेरीचा एक पिक आला, आणि ऑगस्टमध्ये तेच दोन्ही नॅशव्हिलला देऊन अस्कारोव्ह आणला. म्हणजे माझ्यासाठी अस्कारोव्ह म्हणजे हर्टल. कार्लसन १०१ पॉइंट काढून पिट्सबर्गला गेला, त्याच्या बदल्यातला पिक १४ वा निघाला, त्यात आणखी एक पिक घालून ११ वर चढले आणि डिकिन्सन उचलला. टिमो मायरच्या बदल्यात मुखामादुलिन आणि ज्या पिकवर क्वेंटिन मस्टी घेतला तो पिक.

तेव्हा यादी लावताना मला तरी असं होतं की ज्याच्यासाठी जास्त काही गेलं तो वर. हे चूक आहे, कळतं. तरी होतं.

टोरांटोचा_बाळ्या

दादा ते विकलेल्या जमिनीच्या भावावरून नव्या फ्लॅटची किंमत ठरवण्यासारखं आहे.

हर्टल_आठवतो

विकलेली जमीन आजोबांची असली की तसंच होतं रे.

आडवा_बार

धागाकर्ते, तुम्ही मूळ गोष्ट विचारलीच नाहीत. 'यादी चुकली' हे ठरवणार कशावरून? एप्रिलमध्ये कोण किती मॅच खेळला यावरून ठरवणार असाल तर डिकिन्सनला वर लावून तुम्ही बुडाल, आणि त्यात त्या पोराचा काही दोष नसेल.

का ते सांगतो. कॅनडाच्या ज्युनियरमधून ड्राफ्ट झालेला १८-१९ चा पोरगा यंदा (२०२५-२६) बाराकुडात पाठवता येत नाही, तसा करार आहे ज्युनियर लीगशी. एकतर वर शार्क्समध्ये ठेवा नाहीतर परत ज्युनियरला धाडा, मधली पायरीच नाही. त्यात नऊ मॅचचा मामला, नऊपर्यंत खेळवून परत पाठवलं तर त्याच्या तीन वर्षांच्या कराराचं वर्ष वाया जात नाही, दहावी खेळला की घड्याळ सुरू. डिकिन्सन १९ चा, मीसा १८ चा. सप्टेंबरच्या कॅम्पमध्ये कोचला वाटलं की डिकिन्सनला अजून एक वर्ष लंडनला राहू दे, तर तो तिकडे पुन्हा नव्वदच्या वर पॉइंट काढेल आणि तुमच्या फ्रिजवर त्याच्या नावापुढे शून्य. उलट लुका कान्योनी, २०२३ ला चौथ्या फेरीत १२३ वा, पाच फूट नऊ इंच, तो बाराकुडातून कोणी जखमी झालं की कधीही वर येऊ शकतो आणि पंधरा मॅच खेळून तुमच्या यादीत भाव खाऊन जाईल. तो डिकिन्सनपेक्षा चांगला आहे का? माझ्या मते नाही. पण तुमच्या नियमात जिंकेल.

आधी चार बापांनी बसून ठरवा की यादी एप्रिलची आहे की २०३० ची.

धागाकर्ता

बाप रे. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. काल रात्री चौघं बाप पार्किंगमध्ये उभे राहून पाऊण तास बोललो, बायका वरून बघत होत्या की यांचं काय चाललंय. दोघं म्हणाले एप्रिल, दोघं म्हणाले लांबचं. शेवटी पोरांना विचारलं तर चारही पोरं एका सुरात 'लांबचं', आणि माझा लेक म्हणाला बाबा, आत्ता कोण बरा हे बघायला यादी कशाला, त्याला मॅच बघतात. मग मोदकांचं काय? तर ठरलं असं की मोदक यंदाच करायचे, चौघांनी मिळून, आणि याद्या पाच वर्षं जपून ठेवायच्या. म्हणजे मी वाचलो नाहीच, उलट लवकर अडकलो.

असो. लांबचं धरल्यावर आमची यादी अशी झाली: मीसा पहिला (मी हरलो), डिकिन्सन दुसरा, अस्कारोव्ह तिसरा. गोलीचा_बाप यांनी 'मधलं काही नसतं' म्हटलं तिथेच माझा पाय घसरला, कारण पाच वर्षांची पैज लावायची तर ज्याला मधलं काहीतरी आहे तो बरा. आई चिडलीय, तिच्या शांत मुलाला तिसरा का. पुढे चेर्निशोव्ह, मग मस्टी, मग यंदाच्या पहिल्या फेरीत ३० वा घेतलेला गोली रॅवेन्सबर्गन (आईसाठी अजून एक गोली), सातवा कान्योनी.

बाबांना पण विचारलं होतं. ते खडकीला असताना मैदानावरची हॉकी खेळायचे, त्यांना अजून पटत नाही की इकडे ऑफसाईड आहे आणि त्यांच्या हॉकीतून ९८ लाच काढून टाकला. त्यांचं मत एवढंच की जो पोरगा पास दिल्यावर उभा राहत नाही तो वर लावा. त्यांनी मीसाचे व्हिडिओ बघून मान हलवली, कुठल्या बाजूला ते कळलं नाही.

आठवी जागा रिकामी आहे. मी मुखामादुलिन म्हणतोय (काकूंच्या रुकीच्या नियमात तो बसत नसला तरी), लेक म्हणतो हाओशी वांग, यंदाचाच ३३ वा, बेजिंगमध्ये जन्मलेला डिफेन्सवाला. त्याचं कारण 'त्याचं स्केटिंग बघा ना'. कोणी पाहिलंय का त्याला खेळताना? २६ च्या रात्रीपर्यंत सांगा. आणि उकडीला तांदूळ कुठला घेता तेही सांगा, इथल्या दुकानातल्या पिठाची पारी फाटते.

रिंककाकू

वांगला नाही पाहिला. पीठ घेऊ नका, आंबेमोहोर मिळाला तर तो धुऊन सावलीत वाळवून घरीच दळा, नाहीतर सोना मसुरी. आणि उकड गरम असतानाच मळा, हात भाजला तरी.