अनुभव धागा: वॉर्डातला रोजा, खाटेवरची नमाज

औषधपाणी आणि रोजा-नमाज यांचा मेळ तुमच्याकडे कसा घालता? डॉक्टर, सिस्टर, नातेवाईक, सगळ्यांनी लिहा. सर्वधर्मसमभावावर निबंध नकोत, प्रत्यक्ष काय केलंत ते सांगा.

मधुमेहाचे डॉक्टर, सोलापूर
रमजानच्या महिना-दीड महिना आधीच विचारतो, "यंदा रोजे धरणार का?" नुसतं 'धरू नका' म्हटलं की पेशंट मान डोलावतो आणि घरी जाऊन सहरीला (पहाटेच्या जेवणाला) नेहमीची ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहतो. मग दुपारी घामाघूम होऊन दाखल! त्यापेक्षा ती गोळी इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, नेलेली बरी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी फारशी छळत नाही. सहरीचं इन्सुलिन ज्याच्या-त्याच्या साखरेप्रमाणे कमी करतो. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथंच सोडायचा, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो. बोट टोचलं की रोजा तुटतो असं कित्येकांना वाटतं. तुटत नाही, हे मी मौलानांकडूनच सांगून घेतलं. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतात, ऐकू देत. टाइप 1 वाल्यांना आणि किडनी बिघडलेल्यांना मात्र स्पष्ट 'नको' सांगतो. आजाऱ्याला कुराणातच सूट आहे: बरं झाल्यावर रोजे भरून काढायचे, बरं होण्यासारखं नसेल तर फिदया, म्हणजे रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण, द्यायचा.

रुग्णाची मुलगी, रत्नागिरी
अब्बांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पाय ट्रॅक्शनला, एका हाताला सलाईन, वर मूत्रनळी. दुखण्यापेक्षा नळीचाच त्यांना जास्त त्रास. "अशा नापाक अंगानं नमाज कशी पढू गं?" एवढंच धरून बसलेले. इमामसाहेबांना फोन लावून दिला. ते म्हणाले, तुम्ही माजूर (आजारामुळे सूट असलेले) आहात, प्रत्येक नमाजेच्या वेळेला नवी तहारत (शुद्धी) करा आणि पढा. पाण्यानं वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) जमण्यासारखा नव्हता, म्हणून तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीनं शुद्धी. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, आम्हाला नुसता दगड चालत नाही, धूळ लागते. झाकणाच्या डबीत सुकी माती चाळून नेली. पहिल्या सिस्टरनी ती उतारा समजून कचऱ्यात टाकली. रात्रपाळीच्या सिस्टरनी आधी विचारलं, हे काय? सांगितल्यावर म्हणाल्या, "चालेल, पण झाकण घट्ट ठेवा, सलाईनच्या सुईला हात लावू नका आणि पढून झाल्यावर सॅनिटायझर लावा." पाठीला उशा लावून त्यांनीच खाट जरा पश्चिमेकडे वळवून दिली. अब्बा मानेच्या इशाऱ्यानं पढत. जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) वेळी ड्रेसिंगची ट्रॉली आमच्याकडे शेवटी यायला लागली, ती कुणी सांगितलं म्हणून, ते मला आजही माहीत नाही.

फार्मासिस्ट, पुणे
रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन आणि एनॉक्सापॅरिन सहसा डुकराच्या आतड्यापासून बनतं. पेशंटला हे आधीच सांगावं, मागाहून कळलं की विश्वास उडतो. फोंडापॅरिनक्स कृत्रिम आहे, पण किडनी धड हवी आणि निर्णय डॉक्टरांचाच. पर्याय नसेल तर जीव वाचवण्यासाठी चालतं असं बहुतेक मुफ्ती (धर्मशास्त्राचे जाणकार) सांगतात, घरच्यांना तेवढं विचारायला वेळ मिळावा. इन्सुलिनची जुनी भीती मात्र काढून टाका, हल्लीचं ह्यूमन इन्सुलिन डुकरापासून काढत नाहीत.

आयसीयू सिस्टर, मिरज
व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची खाट किबल्याकडे (मक्केच्या दिशेला) फिरवता येत नाही. नळ्या सांभाळून तोंड जमेल तेवढं वळवतो, कानाशी कलमा पढायला एकाला आत घेतो. मयत झाली की दफन लवकर करायचं असतं, म्हणून कागद आधी हातावेगळे करतो. पोस्टमॉर्टेमची केस असेल तर इलाज नाही, तेही तेव्हाच सांगून टाकतो.

निवासी डॉक्टर, सरकारी रुग्णालय
बाई डॉक्टरच हवी, हे रात्रपाळीला दर वेळी जमत नाही, उगाच शब्द देऊ नये. सिस्टरला शेजारी उभं करतो, लागेल तेवढाच भाग उघडतो, पडदा नसेल तर चादर धरायला लावतो. बहुतेक जणी तयार होतात. माझीच एक अडचण: आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारे एक चाचा उरलेल्या दिवशी रोजा धरतात आणि इफ्तारला खजूर, सरबत, पाणी असं सगळं एकदम घेतात. पोटॅशियम चढतं, अंगावर पाणी साचतं. अशांना इफ्तारला काय खायला सांगता?