शब्दचर्चा: मेंदूभोवतीचं रक्त – गाठ, गुठळी की साकळलेलं रक्त?

प्रश्न: रुग्णाच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा’ आणि त्यावरची शस्त्रक्रिया ‘बर होल ड्रेनेज’ यांना काय म्हणावं? ‘हिमॅटोमा’ला ‘रक्तार्बुद’ म्हटलं तर ते वाचून कुणालाही कॅन्सरच आठवेल. ‘मेंदूतली जुनी गाठ’ चालेल?

– ‘मेंदूतली’ नको आणि ‘गाठ’ तर मुळीच नको. हे रक्त मेंदूच्या आत नसतंच. कवटीला आतून लागून जे जाड आवरण असतं, ड्युरा, त्याच्या आणि मेंदूच्या मधे ते पसरतं. ‘मेंदूत रक्तस्राव’ म्हटलंत की घरचे लोक पक्षाघात समजून बसतात.

गुठळीही नाही. ताज्या रक्ताची गुठळी काढायला कवटीचा बराच मोठा तुकडा उघडावा लागतो. इथे काही आठवडे उलटलेले असतात आणि रक्त बहुतेक द्रव झालेलं असतं. आवरणाला छेद दिला की काळपट, इंजिनातल्या जुन्या ऑइलसारखा द्रव बाहेर येतो. म्हणून तर कवटीतल्या सेंटिमीटरभराच्या छिद्रातून काम भागतं. मुका मार लागल्यावर आपण ‘रक्त साकळलंय’ म्हणतोच की. ‘मेंदूभोवती साकळलेलं जुनं रक्त’ लिहा.

– ‘क्रॉनिक’ला ‘जुनाट’ का नाही? जुनाट खोकला म्हणतो तसं.

– जुनाट खोकला म्हणजे चिवट, पिच्छा न सोडणारा. इथे ‘क्रॉनिक’ म्हणजे साधारण तीन आठवड्यांहून जुनं, एवढंच. अर्थात ते नुसतं पडून राहत नाही, हेही खरं. रक्ताभोवती पातळ पडदा धरतो, त्यातल्या नाजूक नव्या रक्तवाहिन्या झिरपत राहतात आणि साठा वाढतो. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्यामुळे जागाही असते. सुरुवातीला डोक्याला लागलेला मार रुग्ण विसरूनही गेलेले असतात, आणि मग एक दिवस चालताना तोल जायला लागतो.

– ‘ड्रेनेज’ला ‘रक्त उपसणे’ कसं वाटतं? जोरकस आहे.

– जोरकस आहे म्हणूनच नको. छिद्रातून सलाइनने धुऊन घेतात आणि मग मऊ नळी ठेवतात, बहुधा दोन दिवस. उरलेलं आपसूक खालच्या पिशवीत उतरतं. याला ‘निचरा’च. नळीचं वाक्य मात्र गाळू नका. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत नळी ठेवलेल्यांपैकी 9.3 टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साठून परत शस्त्रक्रिया लागली. न ठेवलेल्यांत 24 टक्के. नातेवाईक विचारतात, ‘ऑपरेशन झालं ना, मग नळी कशाला?’ त्याचं उत्तर हेच.

‘बर’ तसंच ठेवलंत तर अर्धे लोक ‘वर’ वाचतील. ‘कवटीला छोटं छिद्र पाडून निचरा’ पुरे.

– आणखी एक. मसुद्यात ‘जुनं रक्त पातळ होतं’ आहे, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’. कुणीतरी म्हणेल, मग गोळी चालूच ठेवू, रक्त लवकर पातळ होईल! त्या गोळ्यांनी उलट रक्तस्रावाचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ता: बाप रे, हे लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या ठिकाणी ‘विरघळून द्रव होतं’ करतो. गोळ्यांचं वाक्य वेगळ्या चौकटीत टाकतो: कधी थांबवायच्या, कधी पुन्हा सुरू करायच्या, हे डॉक्टरच ठरवतील.