जन्मदाखल्यावरचा देश

'परदेशात नशीब वगैरे काही नसतं, सगळी मेहनत' हे मला पटत नाही. निदान अमेरिकेत तरी. आमच्या वेळी एच-वन-बी, म्हणजे तिथे नोकरी करायचा व्हिसा, ही सरळ सोडतच: वर्षाला 65,000 जागा, शिवाय तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000. माझा नंबर लागला, रूममेटचा नाही. मार्क त्याचेच जास्त होते.

खरी गंमत ग्रीनकार्डाची, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याची. वर्षाच्या एकूण कार्डांत दर देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, आणि देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे. त्यामुळे भारतात जन्मलेले आम्ही, अर्जदारच इतके की वर्षानुवर्षं रांगेत. टीममधल्या एकाचा जन्म मात्र कुवेतचा, वडील तेव्हा तिकडे नोकरीला होते म्हणून. नंतर हा पठ्ठ्या तिथे कधी फिरकलासुद्धा नाही! कार्ड दोन वर्षांत हातात. (जोडीदाराचा जन्मदेशही चालतो, त्यामुळे बायकोचंही काम झालं.) मग त्याने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. आम्ही मात्र प्रमोशन मिळालं तरी आधी वकिलाला फोन करायचो, फाइलला धक्का तर लागणार नाही ना म्हणून.

तो मेहनती आहेच, प्रश्न नाही. पण 'आई बाळंतपणाला माहेरी गेली असती तर मीही तुमच्याच रांगेत' असं तोच हसत म्हणतो.