मनातली शिरोडकर आणि पडद्यावरची : कादंबरीवरच्या सिनेमांचे तुमचे अनुभव

मिलिंद बोकिलांची 'शाळा' मी 2005 साली वाचली. नोकरीचं पहिलं वर्ष, भाड्याच्या खोलीतली कॉट, एका रात्रीत पुस्तक संपवलं. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी, सुऱ्या-चित्र्या-फावड्याची टोळी आणि शिरोडकर. माझ्या मनातली शिरोडकर म्हणजे आमच्या वर्गात खिडकीशी बसणारी एक मुलगी. दोन वेण्या, लाल रिबिनी, कंपासपेटीवर कर्कटकाने कोरलेलं नाव.

2012 मध्ये सुजय डहाकेंचा सिनेमा आला. आवडला, खोटं कशाला बोलू? घात झाला तो नंतर. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर पानापानावर केतकी माटेगावकर! खिडकीशी बसणारी गेली ती गेलीच. शिवाय पुस्तकात सगळं मुकुंदच्या तोंडून येतं. त्याचे आडाखे, फुशारक्या, मनातल्या मनात ओशाळणं. पडद्यावर ती बडबड मावून मावून किती मावणार?

तुमचंही असं काही झालंय का? लिहा. अट एकच, 'पुस्तकाची सर सिनेमाला नाही' हे वाक्य नको. ते सगळ्यांना पाठ आहे.

गडहिंग्लजकर

माझं उलटं आहे. आनंद यादवांची 'नटरंग' कॉलेजात वाचली होती. गुणा पैलवान गडी, तमाशाच्या नादापायी नाच्या होतो. वाचताना वाईट वाटलं, पण घरबसल्या वाटतं तेवढंच. 2010 मध्ये रवी जाधवांचा सिनेमा थेटरात पाहिला. आधी अतुल कुलकर्णीचे भरलेले दंड दिसतात आणि मग त्याच माणसाची मुरकी. माझ्या मागच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मला घाम फुटला. पुस्तक वाचताना शेजारी हसणारं कुणी नव्हतं ना! गुणानं काय सोसलं असेल ते त्या हसण्यानं कळलं. पुढं पुढं पोरंही गप झाली.

तक्रार म्हणाल तर एवढीच, की आता वरातीत 'अप्सरा आली' लागतं आणि गुणाचं नाव कुणी काढत नाही.

जुना बातमीदार

'सिंहासन'. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्यांची मोट तेंडुलकरांनी एका पटकथेत बांधली, जब्बार पटेलांनी 1979 मध्ये सिनेमा केला. मी आधी सिनेमा पाहिला, पुस्तकं मग वाचली. त्यामुळे दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले, विषय संपला. एरवी ज्या माणसाला पडद्यावर बघून बायका बोटं मोडायच्या, तो इथे सगळं बघतो, सगळं जाणतो आणि काही करू शकत नाही. शेवटचं ते वेड्यासारखं हसणं! डेस्कवर रात्रपाळी करताना, मंत्रिमंडळ विस्ताराच्या बातम्या लावताना, मला ते कितीदा तरी ऐकू आलंय. माझा मनातला चेहरा सिनेमाने हिरावला वगैरे काही नाही. उलट दिलाच.

कट्ट्यावरची

'दुनियादारी'बद्दल बोलायचं तर बीपी वाढतं. सुशिंचं, म्हणजे सुहास शिरवळकरांचं, ते पुस्तक आमच्या ग्रुपमध्ये हातोहात फिरून पार खिळखिळं झालं होतं, पानं रबर लावून ठेवायचो. 2013 मध्ये सगळ्या जणी मिळून सिनेमाला गेलो. शिट्ट्या, टाळ्या, 'टिक टिक वाजते'. आमची रांग मात्र 'हे असं नव्हतं' करत बसलेली. शेवट बघून तर एकीने आख्खं पॉपकॉर्न सांडलं.

आणि गंमत ऐका. धाकट्या भावाने आयुष्यात अभ्यासाबाहेर पुस्तक उघडलं नव्हतं. सिनेमा बघून आला आणि माझं रबरवालं 'दुनियादारी' पळवलं. तीन दिवस जेवताना ताटाशेजारी. आता सिनेमाला शिव्या द्यायच्या तरी कशा?

निवृत्त मास्तर, माणदेश

माझी पहिली नेमणूक एकशिक्षकी शाळेवर. तेव्हा 'बनगरवाडी' माझ्यासाठी कादंबरी नव्हतीच, सोबत होती. अमोल पालेकरांचा सिनेमा 1995 चा, मी तो नंतर टीव्हीवर पाहिला. कारभारी झालेले चंद्रकांत मांढरे बघून हात आपोआप जोडले गेले. माळ तसाच, मेंढरं तशीच, धूळसुद्धा ओळखीची.

तरी एक बोच राहिली. माडगूळकरांचं पुस्तक वाचताना त्यातली माणसं माझ्या आजोबांच्या आवाजात बोलायची. आजोबा मेंढरांमागे हिंडलेले, एक शब्द बोलून चार गिळणारे. पडद्यावर आवाज नटांचे. चांगलेच होते हो. पण आजोबांचे नव्हते.

शांताबाईंची बाजू

'उंबरठा' सगळ्यांना माहीत. स्मिता पाटील माहीत, 'सुन्या सुन्या मैफलीत' माहीत. तो शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवर आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मला स्वतःला दहाव्यांदा सिनेमा बघताना श्रेयनामावलीत दिसलं. गावच्या वाचनालयात विचारलं तर 'नाही' म्हणाले. सिनेमा घरोघरी पोचला आणि 'बेघर' खरंच बेघर.

नातू

आजीने अत्र्यांचा 'श्यामची आई' लहानपणी तंबूत पाहिला. वनमालाबाईंची आई तिच्या मनात इतकी पक्की, की साने गुरुजींचं पुस्तक नुसतं हातात घेतलं तरी 'छडी लागे छमछम' गुणगुणायला लागते. तिला ते पुस्तक ऐकूच येतं. 2023 चा नवा सिनेमा दाखवायला नेली. तोही कृष्णधवल. मध्यंतरात म्हणाली, "हा आपलाच का रे? मग ही आई कोण?" माझी लेक दुसऱ्या बाजूने, "बाबा, याचं कलर व्हर्जन नाही का?" मी मधल्या खुर्चीत वडा खात बसलो.

एक ओळ

नेमाडेंच्या 'कोसला'ला कुणी हात लावू नका. पाया पडतो.

गडहिंग्लजकर

का? चांगला दिग्दर्शक मिळाला तर? पांडुरंग सांगवीकरची ती वहीखात्यातली मिश्किली कुणाला तरी जमेलच की.

एक ओळ

नाही जमणार. मी आधीच रुसून बसलोय.

धागा काढणारा

सगळं वाचतोय. कट्ट्यावरच्या ताई, ते रबरवालं पुस्तक जपा.

माझी मुलगी यंदा नववीत गेली. गेल्या आठवड्यात तिला 'शाळा' दिली. यावर सिनेमा आहे हे अजून सांगितलेलं नाही. काल अर्धं पुस्तक पोटावर उपडं ठेवून म्हणाली, "बाबा, शिरोडकर दिसायला कशी असेल रे?"

म्हटलं, "तुला कशी दिसतेय?"